लिटर बघू नका, आधी पाठ मोजा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत पावसाळी ट्रेकवर पानभर मजकूर आला होता, फोटो छान होते, पण त्यात जी 'सोबत काय घ्याल' अशी चौकट होती ती वाचून हे पत्र लिहायला बसलेय. मोठं होणार आहे, कापायचं असेल तर कापा, पण सॅकबद्दलचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

झालं असं की आमच्या मागच्या चाळीत एक मुलगी आहे, यंदा बारावी झाली, वडील रिक्षा चालवतात. दोन वर्षं माझ्या मागे लागली होती की काकू मला पण डोंगरावर न्या. शेवटी यंदा राजमाची ठरलं, कर्जतकडून कोंदिवड्याने चढायचं, वर उधेवाडीत एका घरी जेवायचं, तिथेच ओसरीवर झोपायचं आणि दुसऱ्या दिवशी श्रीवर्धन-मनरंजन हे तिथले दोन बालेकिल्ले बघून खाली. तर ही मुलगी रविवारी संध्याकाळी तुमची ती चौकट कापून घेऊन आली, बाजूला पेन्सिलने किमती मांडलेल्या, मोबाईलवर बघून बघून लिहिल्या होत्या तिने, ६० लिटरची सॅक, वॉटरप्रूफ बूट, तंबू, स्लीपिंग बॅग, मॅट, गॅसची शेगडी, काठ्यांची जोडी, आणि खाली बेरीज होती २६ हजार आणि काहीतरी. मला म्हणाली, काकू या वेळी मी नाही येत, पुढच्या वर्षी बघू.

मला फार वाईट वाटलं हो. कारण त्या यादीतली एकही वस्तू खोटी नाहीये, पण ती यादी कुठल्या वाटेसाठी आणि कोणाच्या पाठीसाठी हे कुठेच लिहिलेलं नाही. राजमाचीला एका रात्रीसाठी माणूस घरात झोपणार, घरातली पिठलं-भाकरी खाणार, मग तंबू आणि शेगडी कशासाठी पाठीवर न्यायची? तीच यादी डिसेंबरात उत्तराखंडात, बर्फातल्या केदारकंठाला जाणाऱ्याला दिली तर अपुरी आहे. म्हणजे दोघांचंही नुकसान. ट्रेकला काय लागतं हे आधी वाट ठरवते, मग ऋतू ठरवतो, मग तुमचं अंग ठरवतं, आणि दुकानाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. आपल्याकडे हल्ली उलटं चाललंय.

सगळ्यात जास्त चुका सॅक घेताना होतात म्हणून आधी त्याबद्दल सांगते. आपल्याकडे सॅक घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न 'किती लिटरची?' आणि दुसरा 'कुठला रंग?'. लिटर म्हणजे फक्त आत किती मावतं ते. ती तुमच्या पाठीला बसते की नाही हे लिटरवरून कळतच नाही.

मी हे अंगावर काढलंय. माझी उंची पाच फुटाच्या आतबाहेर. २००१ साली मी पहिल्यांदा रतनगडला गेले तेव्हा दादाची सॅक घेऊन गेले होते, दादा सहा फुटाला जरा कमी. घरात सॅक असताना दुसरी कशाला, असा आमच्याकडचा साधा हिशोब, आणि तेव्हा मलाही तो पटला होता. रतनवाडीत अमृतेश्वराच्या देवळापाशी निघाले तेव्हाच जाणवलं की कमरेचा पट्टा कमरेला नाही तर पार मांड्यांच्या वर येतोय, पाऊल उचललं की घासतोय, म्हणून मी तो सोडूनच टाकला. मग सगळं वजन खांद्यावर. जंगलातली वाट संपेपर्यंत दोन्ही हातांना मुंग्या यायला लागल्या होत्या. आणि खरी गंमत नाही, खरी भीती, शिड्यांवर. रतनगडच्या त्या लोखंडी शिड्या चढताना वर बघावं लागतं, पुढचा दांडा कुठाय ते, आणि माझ्या सॅकचं टोक डोक्याच्या वर आलेलं असल्यामुळे मान मागे जाईचना. बाजूला आडवी बांधलेली चटई शिडीच्या कठड्यात अडकली. मागून येणाऱ्या मुलाने ती ओढून सोडवली नसती तर काय झालं असतं हे मी आजही नको म्हणून आठवत नाही. वर गुहेत पोचल्यावर मी रडले होते आणि मला वाटलं होतं की माझ्यातच ताकद नाही, ट्रेकिंग हे माझं काम नाही. ताकद होती, सॅक दुसऱ्याची होती. हे कळायला मला पुढची दोन वर्षं लागली, आणि ते कळलं तेव्हा पहिल्यांदा राग आला की हे मला कोणीच कसं सांगितलं नाही.

तर पाठ कशी मोजायची ते लिहिते, घरी दोन मिनिटांत होतं, शिवणकामाची टेप लागते आणि एक माणूस मदतीला. मान पुढे झुकवली की मानेच्या खाली मणक्याचं एक हाड टपकन वर येतं, ते एक टोक. मग दोन्ही हात कमरेवर असे ठेवायचे की बोटं पुढे आणि अंगठे मागे पाठीकडे, हात बरोबर कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजेत, पोटाच्या मऊ भागावर नाही. दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ मनात धरा, ते दुसरं टोक. या दोन टोकांमधलं अंतर, पाठीच्या बाकानुसार टेप लावून, म्हणजे तुमच्या पाठीची लांबी. माझी साडेपंधरा इंच भरते, दादाची वीसच्या जवळ. आणि उंचीवरून अंदाज करू नका, आमच्या ग्रुपमध्ये एक उंच मुलगा आहे, पाय लांब आणि पाठ आखूड, त्याला वर्षानुवर्षं मोठ्या मापाची सॅक देत होते आणि तो वर्षानुवर्षं खांदे चोळत होता.

काही सॅकना स्मॉल-मीडियम-लार्ज अशी पाठीची मापं असतात, काहींमध्ये मागचा भाग वर-खाली सरकवता येतो, आणि बाजारातल्या बऱ्याच स्वस्त सॅकना एकच ठरलेलं माप असतं जे बहुतेक करून मध्यम उंचीच्या पुरुषाला धरून केलेलं असतं. बायकांसाठीच्या वेगळ्या सॅक येतात, त्यात खांद्याचे पट्टे जवळ आणि जरा वळणदार असतात, कमरपट्ट्याचा कोन वेगळा असतो, तो काही नुसता गुलाबी रंगाचा प्रकार नव्हे. पण नावावर जाऊ नका, एखाद्या बारीक अंगाच्या मुलालाही तीच सॅक नीट बसू शकते.

दुकानात गेलात की रिकामी सॅक पाठीला लावून आरशात बघायचं नाही. रिकामी सॅक सगळ्यांनाच बसते. आठ-दहा किलो वजन भरायला सांगा, दुकानात काही नसेल तर घरून पाण्याच्या भरलेल्या बाटल्या न्या, लाजू नका. मग सगळे पट्टे ढिले करून सॅक पाठीवर घ्या, आधी कमरपट्टा लावा, त्याची गादी कमरेच्या हाडाच्या कडेवर मधोमध बसली पाहिजे, तो घट्ट झाला की मग खांद्याचे पट्टे ओढा, मग खांद्याच्या वरून सॅककडे जाणारे जे छोटे पट्टे असतात ते जरासे, आणि छातीचा पट्टा सर्वात शेवटी, श्वास नीट घेता येईल इतपतच. बरोबर बसली असेल तर बहुतेक वजन कमरेवर, म्हणजे पायांवर जातं आणि खांदे फक्त सॅक मागे पडू देत नाहीत. खांद्याच्या पट्ट्याखाली एक हात सहज घालता आला पाहिजे. आणि मग पंधरा-वीस मिनिटं दुकानात फिरा, जिना असेल तर चढा-उतरा. एका मोठ्या दुकानात मला एकदा सांगितलं होतं की मॅडम भरून बघायची परवानगी नाही, सॅक खराब होते. मी ती घेतली नाही. ज्या वस्तूचं कामच वजन उचलायचं आहे ती वजनाने दुकानातच खराब होणार असेल तर ती मला डोंगरात नको.

किती लिटरची हा प्रश्न आता येतो. दिवसाच्या ट्रेकला २०-३० पुरते. सह्याद्रीत एक मुक्काम असेल तर ४०-४५ खूप झाली. ६० लिटर हे चार-सहा दिवस स्वतःचं सगळं स्वतः वाहणाऱ्यांसाठी. मोठी सॅक घेतली की ती भरतेच, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे, आपण घरी जागा रिकामी दिसली की अजून एक स्वेटर घालतो, अजून एक चिवड्याचं पाकीट. आणि मोठ्या सॅकचं स्वतःचंच वजन दीड-दोन किलो असतं. साधारण आडाखा असा की मुक्कामाच्या ट्रेकला स्वतःच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त ओझं नको, म्हणजे ५० किलोच्या मुलीला १० किलो, तेही सवय असेल तर, नवख्याला मी त्याच्या बरंच आत ठेवते. यात पाणी धरायचं, तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो, हे लोक विसरतात. शाळेच्या दप्तराच्या वजनावर आपल्या राज्यात कोर्टापर्यंत जाऊन भांडण झालं, मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड दप्तर नको हे आता सगळ्यांना पाठ आहे, आणि तेच आईबाप दहावीच्या मुलाला १२ किलोची सॅक देऊन हरिश्चंद्रगडला पाठवतात.

भरताना झोपायचं सामान तळाला, जड वस्तू मध्ये आणि पाठीला चिकटून, हलकं वर आणि बाहेरच्या बाजूला, आणि रेनकोट, टॉर्च, खाऊ वरच्या झाकणात. बाहेर काहीही लोंबकळतं ठेवायचं नाही, पाण्याचा मग, चपला, चटई काही नाही. रतनगडचं वर सांगितलंच.

आता पाऊस. तुमच्या चौकटीत 'रेन कव्हर असलेली वॉटरप्रूफ सॅक' असं लिहिलं होतं. रेन कव्हर असावं, पण त्याच्या भरवशावर राहू नये. आपला पाऊस वरून पडतच नाही, घाटमाथ्यावर तो आडवा येतो, खालून वर पण येतो, आणि कव्हर फक्त सॅकच्या बाहेरच्या बाजूला असतं, पाठीकडची बाजू उघडीच. मानेवरून पाणी ओघळत पाठीकडून आत शिरतं आणि कव्हरच्या तळाशी साठून बसतं. शिवाय वारा असला की कव्हर पतंगासारखं उडून जातं, नाणेघाटात मी दोन जाताना बघितलीत. म्हणून सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालायची आणि सगळं सामान त्या पिशवीत, तोंड पिळून आत दाबून टाकायचं. बस, झालं. गावात खताच्या गोणीच्या आत जी पिशवी असते ती स्वच्छ धुवून आम्ही वर्षानुवर्षं वापरली, फाटेपर्यंत वापरायची, आणि परत आणायची. आणि एक कपड्यांचा जोड त्यात असा ठेवायचा की जो रात्री मुक्कामाला पोचेपर्यंत काही झालं तरी काढायचा नाही. दिवसभर तुम्ही भिजणारच आहात, कितीही महागाचं जॅकेट घाला, बाहेरून पावसाने नाही तर आतून घामाने. भिजलेलं असताना चालत राहिलं तर सहसा काही होत नाही, थंडी वाजते ती थांबल्यावर, तेव्हा तो कोरडा जोड पाहिजे. आणि जीन्स नको म्हणजे नकोच, भिजली की वाळत नाही आणि पाय उचलेनासा होतो.

डोंगरातली माणसं पावसात कशी काम करतात ते बघा कधीतरी. लावणीला वाकलेल्या बायकांच्या पाठीवर इरलं असतं, बांबूच्या कामट्या आणि पानं, हल्ली वरून प्लास्टिक, पण पाठ पूर्ण झाकलेली आणि दोन्ही हात मोकळे. आपल्या पावसाला काय लागतं हे त्यांना कोणी दुकानात शिकवलेलं नाही.

बुटांबद्दल मी अगदी ठाम आहे की पहिले पैसे खर्च करायचे तर बुटांवर, सॅक उसनी मिळते, बूट उसने घेऊ नयेत. पण 'वॉटरप्रूफ बूट' हे पावसाळी सह्याद्रीसाठी मला पटत नाही. ओढे ओलांडायचे, गुडघाभर पाण्यातून जायचं, पाणी वरून घोट्याकडून आत येतं आणि मग ते वॉटरप्रूफ अस्तर त्याला बाहेर सोडत नाही, दिवसभर पाण्याच्या डबक्यात पाय. त्यापेक्षा पाणी निथळून जाईल असे जाळीदार कापडाचे, चांगल्या खाचांच्या मऊ रबराच्या तळव्याचे बूट बरे. कडक तळवा शेवाळलेल्या कातळावर साबणासारखा घसरतो. मऊ रबर लवकर झिजतं, ते मान्य करायचं. वॉटरप्रूफ बूट बर्फासाठी, थंड कोरड्या हवेसाठी उत्तम, तिथे घ्या. बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय सुजलेले असतात, ट्रेकचे मोजे घालून बघा, आणि पुढे बोटाला जागा ठेवा नाहीतर उतरताना अंगठ्याची नखं काळी पडतात.

अजून एक गोष्ट जी बऱ्याच जणांना माहीतच नसते. माळ्यावर ठेवलेले, 'अगदी नवे आहेत, दोनदाच घातलेत' असे बूट सगळ्यात धोक्याचे. बऱ्याच ट्रेकिंगच्या बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा थर असतो आणि तो हवेतल्या दमटपणाने काही वर्षांत आतून कुजतो, वापरा किंवा नका वापरू. आपल्या मुंबई-ठाण्याच्या हवेत तर विचारूच नका. बाहेरून बूट चकाचक दिसतो आणि डोंगरात तळवा आख्खा पावासारखा सुटून हातात येतो. हरिश्चंद्रगडावरून टोलार खिंडीकडे उतरताना आमच्यातल्या एका काकांचे दोन्ही तळवे अर्ध्या तासाच्या अंतराने गेले, नाडीने आणि चिकटपट्टीने बांधून खिरेश्वरपर्यंत कसेबसे आणले त्यांना. तेव्हा जुने ठेवलेले बूट निघायच्या आधी आठवडाभर रोज घालून जिने चढा, तळवा हाताने वाकवून बघा, चुरा पडतोय का, भेगा आहेत का.

स्लीपिंग बॅगचं थोडक्यात सांगते. उन्हाळा-पावसाळ्यात आपल्या किल्ल्यांवर चादर आणि एक पातळ ब्लँकेट पुरतं. हिवाळ्यात गार असतं पण साधी बॅग चालते. हिमालयात जायचं असेल तर मात्र लेबल नीट वाचा. बॅगेवर मोठ्या अक्षरात 'उणे ५' लिहिलेलं असतं ते नेमकं कुठलं तापमान ते बघा, कारण आंतरराष्ट्रीय चाचणीत, आधी युरोपची ईएन १३५३७ होती आता आयएसओ २३५३७, थंडीसाठी तीन वेगळे आकडे निघतात. कम्फर्ट म्हणजे ज्या तापमानाला बाई आरामात झोपू शकेल, लिमिट म्हणजे ज्या तापमानाला पुरुष अंग आखडून कसाबसा झोप काढेल, आणि एक्स्ट्रीम म्हणजे फक्त जीव वाचेल, झोप विसरा. काही स्वस्त बॅगांवर चाचणीचं नावही नसतं आणि नुसता एक आकडा ठोकलेला असतो. माझी एक मैत्रीण तसली बॅग घेऊन गेली आणि साडेबारा हजार फुटांच्या त्या केदारकंठाच्या आधीच्या कॅम्पवर रात्रभर बसून होती. बायकांनी कम्फर्टचाच आकडा बघावा. आणि खाली चांगली मॅट हवीच, आपल्या वजनाने बॅगेचा खालचा भाग दबून जातो आणि दबलेलं भरण ऊब धरत नाही, थंडी जमिनीतून येते. पण हे सगळं विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही, मी २००४ ला युथ हॉस्टेलच्या हिमाचलातल्या सरपास ट्रेकला गेले तेव्हा सॅक आणि स्लीपिंग बॅग बेस कॅम्पवरच मिळाली होती, आज मुंबई-पुण्यात भाड्यानेही मिळतं. वर्षातून एकदा जाणाऱ्याने भाड्याने घ्यावं, धुतलेली आहे ना, चेन चालते ना एवढं बघून.

तंबूही तसाच. गुहा, देऊळ, गावातली ओसरी असेल तिथे तो ओझंच आहे, आणि आपल्या कातळी पठारावर खुंट्या ठोकायला माती तरी कुठाय, तिथे स्वतःच्या काड्यांवर उभा राहणाराच लागतो, दोऱ्या दगडांना बांधायच्या. काजव्यांच्या दिवसात, मे संपता संपता, भंडारदऱ्याकडे लोक नवे तंबू घेऊन जातात आणि वळवाचा एक सपाटा आला की सगळे भिजून गाडीत. तंबूच्या खाली अंथरलेलं प्लास्टिक तंबूच्या कडेच्या बाहेर आलेलं असतं, त्यावर पडलेलं पाणी थेट बुडाखाली जातं, हे बहुतेक वेळा कारण असतं आणि लोक शिव्या तंबूला घालतात. ते प्लास्टिक आत दुमडायचं. आणि सकाळी आतून जे थेंब दिसतात ती गळती नसते, आपल्याच श्वासाची वाफ असते, वरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवायच्या.

शेगडीबद्दल एकच, गॅसचा छोटा डबा विमानात न्यायला बंदी आहे आणि रेल्वेतही, तिकडे पोचूनच घ्यावा लागतो, आणि साधा ब्युटेनचा डबा बर्फाच्या थंडीत पेटत नाही कारण शून्याच्या जरा खाली गेलं की त्याची वाफच होत नाही, प्रोपेन मिसळलेला मागावा. टॉर्च मात्र डोक्याला लावायचीच घ्या, मोबाईलची नको, शिडीवर दोन्ही हात लागतात. आणि एक शिट्टी.

दोर, हार्नेस म्हणजे दोराला जोडायचे अंगावरचे पट्टे, हेल्मेट हा प्रकार वेगळा, अलंग-मदन-कुलंगसारख्या दोर लावून चढायच्या किल्ल्यांवर ते आयोजकांनी द्यायचं असतं आणि तिथे यूआयएए किंवा सीई असा सुरक्षा-मानकाचा शिक्का बघायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे, विचारा, राग आला तर येऊ दे. हार्डवेअरच्या दुकानातली नायलॉनची दोरी आणि बाईकचं हेल्मेट म्हणजे गिर्यारोहणाचं सामान नाही. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ साली आलं, आयोजकांच्या नोंदणीची भाषा सुरू झाली, हे चांगलंच झालं. पण माझं म्हणणं असं की सुरक्षिततेची चर्चा दोरापाशीच थांबते. निघायच्या आधी बसपाशी उभं राहून प्रत्येकाची सॅक उचलून बघायला, पट्टे लावून द्यायला दहा मिनिटं लागतात, आणि तेवढं करणारे लीडर मला फार थोडे दिसतात. थकलेला माणूस घसरतो, आणि चुकीच्या सॅकने माणूस दुप्पट थकतो.

तुमच्याकडे माझं मागणं एवढंच की पुढच्या वेळी अशी चौकट छापाल तेव्हा वर लिहा की ही कुठल्या ट्रेकसाठी आहे, किती दिवसांचा, कुठल्या महिन्यात. विकत घ्यायचं काय, उसनं चालेल काय, आणि भाड्याने मिळेल काय हे वेगवेगळं लिहा. पाठ मोजायची पद्धत चित्रासकट छापा, चित्र काढून द्यायला मी तयार आहे. आणि जुनी सॅक दुरुस्त होते हेही लिहा. स्टेशनबाहेर बॅगा शिवणारे असतात, चेनचा रनर, बक्कल, फाटलेला पट्टा सगळं ते शंभर-दीडशे रुपयांत करून देतात आणि शिलाई कारखान्यापेक्षा पक्की घालतात. आमच्या डोंबिवलीत जे बसतात त्यांनी माझ्या सॅकला आत्तापर्यंत तीनदा जीव दिलाय.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. तिला मी घरी बोलावून पाठ मोजली, पंधरा इंच. माझ्या भाचीची ४० लिटरची जुनी सॅक तिला जवळजवळ बरोबर बसली, फक्त छातीचा पट्टा नव्हता, तो त्या बॅगवाल्यांकडून ऐंशी रुपयांत लावून घेतला. बूट तिने घेतले, तेवढेच नवे, टॉर्च माझी जादाची, पिशवी खताची, चादर घरची. रेनकोट कॉलेजला जायचा आहे तोच. काल रात्री आमच्या खालच्या वाण्याच्या काट्यावर सॅक ठेवली, पाण्यासकट ६ किलो ४०० ग्रॅम भरली. मग ती पाठीवर घेऊन ती आमच्या बिल्डिंगचे चार मजले दोनदा चढली-उतरली आणि म्हणाली, काकू खांद्याला काहीच लागत नाहीये. शनिवारी पहाटेच्या कर्जत लोकलने निघतोय.

आपली नम्र,
एक वाचक, डोंबिवली
(कृपया नाव छापू नये)